वरच्या फळीवरचा सूर

सासऱ्यांना भरल्या घरात, त्यांच्याच वाढदिवशी, हवेत लटकवून ठेवायचा चष्मेवाल्याचा मुळीच बेत नव्हता. त्याला त्यांना खूश करायचं होतं. पण जावयाने खूश करायला जावं आणि सासऱ्याने रुसून बसावं, ही रीत जुनीच आहे, आणि चष्मेवाला तिला अपवाद ठरावा इतका काही नशीबवान नव्हता.

सासरे वजनमापं तपासणारे अधिकारी होते. उभी नोकरी दुकानदारांचे तराजू धरून पाहण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर तराजू सुटला तरी तोलायची सवय सुटली नाही. घरात कोणी 'भरपूर' म्हटलं की 'भरपूर म्हणजे किती?', 'आत्ता येतो' म्हटलं की 'आत्ता म्हणजे कधी?' असं ते विचारत. अशा काटेकोर माणसाची एकच गोष्ट घरात कोणी खरी धरत नसे. ती म्हणजे त्यांचा सूर. मुलं लहान असताना सगळे पोहण्याच्या तलावावर गेले होते, तेव्हा त्यांनी म्हणे सगळ्यांत वरच्या फळीवरून पाण्यात सूर मारला होता. "असा सरळ गेलो पाण्यात," ते हात जोडून दाखवत, "की पाण्याचा थेंब उडाला नाही. एक थेंब नाही!"

मुलगा, म्हणजे चष्मेवाल्याचा मेहुणा, तेव्हा उथळ पाण्यात डुंबत होता. त्याने काही पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या गोष्टीची टर उडवणं सोपं असतं. "बाबा, मागच्या वेळी सांगितलं तेव्हा फळी जरा खाली होती," असं तो म्हणायचा. मग सासूबाई हातातलं काम न थांबवता सांगायच्या, "मी होते ना तिथे. या डोळ्यांनी पाहिलंय." सासूबाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की विषय संपायचा. निदान पुढच्या जेवणापर्यंत तरी.

तलावावर त्या दिवशी सासूबाईंच्या हातात नवाकोरा व्हिडिओ कॅमेरा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कॅमेरा पुढे बिघडला आणि त्यातली छोटीशी कॅसेट कपाटात कुठेतरी गडप झाली. ती चष्मेवाल्याच्या बायकोला सापडली, बटणांच्या डब्यात. चष्मेवाल्याच्या दुकानाशेजारी फोटोग्राफरचं दुकान होतं. त्याच्याकडे तसलाच जुना कॅमेरा अजून धडधाकट होता. चष्मेवाल्याने तो मागून आणला, वायरी जोडल्या, आणि कॅसेटवरचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवलं. उतरवताना कॉम्प्युटरने त्याला एक प्रश्न विचारला होता, आधी वरच्या रेघा की खालच्या? चष्मेवाल्याने सेकंदभरही विचार केला नाही. त्याच्या दुकानातल्या डोळे तपासायच्या पाटीवर अक्षरं वरून खाली वाचायची असतात. वरचं ते आधी, त्यात विचारायचं काय? त्याने 'वरच्या' म्हणून टाकलं. आणि सूर मारून झाल्यावर पुढे नुसत्या ओल्या फरश्या आणि कोणाचे तरी पाय दिसत होते, तेवढं शेपूट कापून टाकलं.

वाढदिवसाला केक कापून झाल्यावर दिवाणखान्यातल्या टीव्हीवर चित्र सुरू झालं. सासरे मधल्या खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी आज मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्यावर तलाव दिसला, उंच मनोरा दिसला, मनोऱ्याच्या वरच्या फळीवर पोहण्याच्या चड्डीतले, काळ्याभोर केसांचे सासरे दिसले. "बघा फळी," सासरे म्हणाले. "बघून घ्या नीट, किती वर आहे ती."

आणि मग पडद्यावरचे सासरे निघाले. निघाले म्हणजे वीतभर खाली आले, चार बोटं वर गेले, पुन्हा वीतभर खाली, पुन्हा चार बोटं वर. सगळं अंग थरथरत होतं, आणि हातापायांच्या कडांना फणीचे दात फुटले होते. हात कुठला आणि पाय कुठला काही कळत नव्हतं. अशी खालीवर करत ती दातेरी आकृती एकदाची पाण्यात पोचली.

मग धाकटी नात ओरडली, "आजोबांनी मधेच विचार बदलला!"

झालं. घर हसून हसून आडवं झालं. मेहुण्याने रिमोट घेतला आणि तेवढाच भाग पुन्हा लावला. मग पुन्हा. "बाबा, हवेतल्या हवेत यू-टर्न!" नातवंडं सोफ्यावर चढून खालीवर, खालीवर करत उड्या मारू लागली. सासूबाई नेहमीसारख्या काही बोलतील म्हणून चष्मेवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, पण त्या केकच्या बश्या गोळा करण्यात अगदी गुंतल्या होत्या.

सासरे उठले. "ही ती उडी नव्हे," एवढंच म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

"मग दुसरी कुठली?" मेहुणा मागून ओरडला. "कॅसेट तर एकच आहे!"

त्या दिवसापासून सासऱ्यांनी चष्मेवाल्याशी बोलणं सोडलं. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. चष्मेवाला समोर बसलेला असताना ते बायकोला म्हणायचे, "त्यांना विचार, साखर पुरे आहे का." फोन उचलला आणि पलीकडे जावई निघाला, की काही न बोलता फोन सासूबाईंच्या हातात द्यायचे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, तलावाची गोष्ट सांगायचे ते बंद झाले. पुढच्या रविवारी पोहण्याचा विषय निघाला, मेहुण्याने आशेने बापाकडे पाहिलं, आणि सासरे खाली मान घालून जेवत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासलेल्या माणसाचंच माप आपण खोटं पाडलं, आणि तेही त्याच्या घरात, असं चष्मेवाल्याला वाटलं. खरंच पाडलं होतं.

"तू दुरुस्त कर ते," बायको म्हणाली. "बिघडवलंयस तूच."

चष्मेवाल्याने पुन्हा कॅमेरा मागून आणला. या वेळी कॅसेट अथपासून इतिपर्यंत उतरवली, शेपटासकट. मग रविवारच्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून एकेक चित्र थांबवून पाहू लागला. मनोरा अगदी नीट होता. भिंत नीट होती. दात फुटले होते ते फक्त हलणाऱ्या सासऱ्यांना. त्याने चित्र मोठं केलं, नाक पडद्याला लावलं, आणि त्याच्यातला चष्मेवाला जागा झाला. सासऱ्यांचा हात एका रेघेत इथे होता, खालच्या रेघेत बोटभर तिथे, त्याच्या खालच्या रेघेत पुन्हा इथे.

"अगं, हे एक चित्र नाहीच," तो म्हणाला. "ही दोन चित्रं आहेत, एकात एक विणलेली. हा कॅमेरा एका दमात सगळं बघत नाही. आधी एक सोडून एक अशा रेघा बघतो, मग पापणी लवते न लवते तोच उरलेल्या रेघा. भिंत काय, दोन्ही वेळा तिथेच. पण तेवढ्यात बाबा खाली सरकलेले असतात ना!"

"मग ते वर का जात होते?"

चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला. या कॅमेऱ्याच्या खालच्या रेघा आधीच्या होत्या. त्याने वरच्या आधी म्हणून सांगितल्यामुळे प्रत्येक चित्रातला नंतरचा क्षण आधी दिसत होता आणि आधीचा नंतर. बाबा पुढे जात, मग मागचं पाऊल दाखवायला परत येत. साऱ्या घराने ज्याला भित्रेपणा म्हणून हसून घेतलं, ती जावयाची अक्कल होती.

कळलं म्हणजे जमलं असं नसतं. आधी त्याने निम्म्या रेघा फेकूनच दिल्या. दात गेले, पण सासरे आता बेडकासारखे टप्प्याटप्प्याने खाली येऊ लागले. मग दोन्ही चित्रं एकमेकांत कालवून पाहिली. हिसके गेले, पण पडद्यावर दोन सासरे दिसू लागले, दोन्ही अर्धवट पारदर्शक. प्रत्येक वेळी तो बायकोला बोलवायचा आणि दुकानातल्या सवयीने विचारायचा, "हे बरं दिसतं, की आधीचं बरं होतं?"

"आधीचं वाईट होतं," बायको म्हणाली. "हे भयंकर आहे. एक सासरा झेपत नाही तुला, दोन कुठे करतोस?"

तिसऱ्या खेपेला त्याने काहीच फेकलं नाही आणि काहीच कालवलं नाही. विणलेली चित्रं उसवली, प्रत्येकाच्या रिकाम्या रेघा आजूबाजूच्या रेघांवरून भरून घेतल्या, आणि सगळी ओळीने लावली, आधी खालच्या, मग वरच्या. चित्रं दुप्पट झाली. त्याने बटण दाबलं आणि दोघं नवराबायको बघतच राहिले. तलावाचं पाणी खरोखरच्या पाण्यासारखं हलत होतं. फळी सासऱ्यांच्या वजनाने हलकेच वाकत होती. सासरे एक पाऊल पुढे आले, आणखी एक आले, त्यांची टाच ओल्या फळीवरून सर्रकन घसरली, दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरले, आणि ते बसल्या बैठकीला, तोंडाचा मोठा आ करून, धपकन पाण्यात पडले.

"अरे देवा," बायको म्हणाली. "बाबा तर पडले."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आधी निदान शंकेला जागा होती. आता प्रत्येक बोट वेगळं दिसत होतं, आणि त्यात सूर मारणाऱ्या माणसाचं एकही बोट नव्हतं. सासऱ्यांची अब्रू राखायला निघालेल्या जावयाने त्यांच्या पडण्याचा पुरावा घासूनपुसून लख्ख केला होता. चष्मेवाला डोकं धरून बसला. बटण बंद करायचंही त्याला सुचलं नाही, आणि चित्र तसंच पुढे चालू राहिलं.

पुढे ते शेपूट होतं. सासूबाई घाबरून धावल्या होत्या, आणि कॅमेरा बंद करायचा असतो हे विसरून तो पट्ट्याने मनगटाला लटकवला होता. चित्र उलटं झालं होतं आणि झोके खात होतं. झोका पुढे गेला की सासूबाईंच्या सँडलची टोकं आणि त्यांच्या समोर कोणाचे तरी अनवाणी पाय. झोका मागे गेला की त्यांच्या पाठीमागचा तलाव. आणि सासूबाईंचा आवाज, अगदी कॅमेऱ्याच्या कानाशी:

"तुम्ही कसले हो रखवालदार? माणूस पडला तिकडे वरून! फळी पुसायला नको? पगार कशाचा घेता?"

"अहो बाई, ते आलेत बाहेर," अनवाणी पाय म्हणाले. "ते पहा, परत वर निघालेत."

"मला नका सांगू काही! आधी तुमच्या साहेबाला बोलवा!"

बायको खुदकन हसली. "आई ती आईच." मग एकदम तिने नवऱ्याचा दंड धरला. "थांब. मागे घे. त्या कोपऱ्यात काय हललं?"

त्याने मागे घेतलं. झोका तलावाकडे गेला की कोपऱ्यात तो मनोरा दिसायचा, उलटा, नखाएवढा. आणि त्याच्यावर काहीतरी होतं. चष्मेवाल्याने चित्र सुलटं केलं, तो कोपरा मोठा केला, वेग कमी केला. ओला, पोहण्याच्या चड्डीतला माणूस वरच्या फळीच्या टोकाशी आला. थांबला. हात डोक्यावर जोडले. आणि फळीवरून निघून, पाय जुळवून, सरळ रेषेत खाली गेला. रेघा चुकीच्या लावल्या असत्या तर तिथे नुसता करडा डाग दिसला असता. आता तो सूर होता. साधा, स्वच्छ सूर.

"मारला!" चष्मेवाला खुर्चीवरून उठला. "मारला की गं तुझ्या बापाने!"

"श्श, ऐक!" बायको म्हणाली.

लांबून, पाण्यातून, सासऱ्यांचा दम लागलेला, आनंदाने फुटलेला आवाज येत होता. "पाहिलंस का? ए! पाहिलंस?"

सँडलची टोकं रखवालदाराकडेच होती. ती तसूभरही वळली नाहीत. "हो हो, पाहिलं!" सासूबाई कॅमेऱ्याच्या कानाशी ओरडल्या, आणि लगेच, "तर मी काय म्हणत होते, साहेब कुठे आहेत तुमचे?"

दोघं एकमेकांकडे पाहू लागली. सासऱ्यांचा सूर खरा होता. खोटी होती ती साक्ष. एकाची अब्रू झाकावी तर दुसरीची उघडी पडत होती, आणि दोघंही सासरचीच.

"आवाज काढून टाक," बायको म्हणाली.

"आणि त्यांना कळलं तर? आधी आईंना विचारू."

सासूबाईंच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊनच दुकानात आल्या. चष्मेवाल्याने दांडी घट्ट केली, काचा पुसल्या, चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला आणि दुकानातला कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. आधी पडणं दाखवलं. मग सूर दाखवला, आवाजासकट.

सासूबाई पुढे वाकल्या. "पुन्हा लाव," म्हणाल्या. त्याने पुन्हा लावलं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "खरंच मारला की हो यांनी."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला कसं असणार? मी यांना पडताना पाहिलं. माझा जीव गेला होता. मग त्या रखवालदाराला धरला. आणि रात्री जेवताना हे सगळ्यांना सांगायला लागले, मी सूर मारला म्हणून. मला वाटलं, पडल्याची लाज वाटतेय माणसाला, म्हणून पडण्याचाच सूर करून सांगतोय. आता आपल्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? म्हटलं, मी पाहिलं." त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला, तो स्वच्छच होता. "एकदा म्हटलं, मग म्हणतच राहिले. बिचाऱ्याने खरंच मारला होता, आणि माझा एकही दिवस विश्वास नाही बसला."

"आवाज काढून टाकतो मी, आई."

"काढ बाबा," सासूबाई म्हणाल्या. "या वयात कुठे माझी उलटतपासणी करता."

रविवारी पुन्हा सगळे जमले. सासऱ्यांना टीव्हीसमोर बसवायला बायकोला बरीच मनधरणी करावी लागली. बसले तेही वर्तमानपत्र उघडून, पडद्याच्या आणि आपल्या मधे धरून. "त्यांना सांग," ते वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "मला वाचायचं आहे."

चित्र सुरू झालं, बिनआवाजाचं. टाच घसरली, हात फिरले, सासरे बसल्या बैठकीला पाण्यात गेले. मेहुणा टाळ्या पिटू लागला. "पडले! सूर कसला, बाबा पडले!" नातवंडं खिदळली. वर्तमानपत्र काही खाली आलं नाही.

"थांबा," चष्मेवाला म्हणाला. "अजून आहे."

कोपऱ्यातला मनोरा मोठा होऊन, सुलटा होऊन पडद्यावर आला. चित्र काही फार स्वच्छ नव्हतं, पण हलत होतं ते लोण्यासारखं. ओला माणूस पुन्हा फळीच्या टोकाशी आला. खोली हळूहळू गप्प झाली. त्या शांततेनेच बहुतेक, वर्तमानपत्र आधी नाकापर्यंत खाली आलं, मग छातीपर्यंत, मग मांडीवर. पडद्यावरच्या सासऱ्यांनी हात जोडले, पाय जुळवले आणि सूर मारला.

मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो म्हणाला, "पुन्हा लाव." पण या वेळचं ते 'पुन्हा लाव' वेगळं होतं. पुन्हा लावलं. नातवंडांनी श्वास रोखून पाहिलं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून अशा टाळ्या वाजवल्या की शेजारीण खिडकीतून डोकावली. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. ते बायकोकडे वळले.

"पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

आवाज चष्मेवाल्याने काढून टाकला होता, आणि तरी तोच प्रश्न खोलीत पुन्हा उभा राहिला होता. सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. सवयीची साक्ष अगदी ओठांवर आली असणार. त्यांनी ती गिळली.

"आत्ता पाहिलं," त्या म्हणाल्या.

मेहुण्याने आईकडे पाहिलं, चष्मेवाल्याच्या बायकोने छताकडे पाहिलं. सासरे मात्र जराही दचकले नाहीत.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "वरच्या फळीवरून सगळा तलाव दिसतो गं. तुझी पाठ होती माझ्याकडे. त्या रखवालदाराला फाडून खात होतीस."

"इतकी वर्षं माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"कसा बोलणार? एकच साक्षीदार होता, तो फुटला असता ना!" सासरे हसले, आणि मग हसता हसता त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. "न पाहता इतकी वर्षं माझ्या बाजूने उभी राहिलीस तू. पाहून काय, कोणीही राहील."

सासूबाई "पुरे, मुलं बघतायत" म्हणाल्या, पण हात काही सोडवून घेतला नाही.

सासऱ्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. कितीतरी दिवसांनी ते थेट चष्मेवाल्याकडे वळून बोलले. "जावईबापू, ते शेवटचं पुन्हा दाखवा पाहू. पाण्याजवळचं. सावकाश."

चष्मेवाल्याने सावकाश दाखवलं. जुळलेले हात पाण्यात शिरले, डोकं शिरलं, आणि पाय शिरता शिरता पाण्याचा भला मोठा फवारा उठला, मनोऱ्याच्या खालच्या पायरीपर्यंत पोचला, आणि काठावर बसलेल्या एका जाड्या गृहस्थाला नखशिखांत भिजवून गेला. सारं घर सासऱ्यांकडे पाहू लागलं. एक थेंब नाही, असं याच माणसाने याच खोलीत किती वेळा सांगितलं होतं.

सासरे पडद्याकडे निरखून पाहत होते, पूर्वी दुकानदाराच्या काट्याकडे पाहत तसे.

"पाणी जरा जास्त उडालेलं दिसतंय," ते म्हणाले. "तुमच्या त्या रेघांमधे अजून काही गडबड राहिली असावी."

मेहुणा तोंड उघडणार तेवढ्यात चष्मेवाला पुढे सरसावला.

"हो बाबा," तो म्हणाला. "ते माझ्याच हातून झालंय. मी स्वतः पाहिलंय कॅसेटवर, थेंब उडालेला नाही."